खंड बदलताना औषधात पडणारा खंड

डॉक्टरांच्या टेबलावर प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी आहे. आत सतरा पांढऱ्या, लांबट गोळ्या. बाटली नाही, लेबल नाही, चिठ्ठी नाही. समोर बसलेली बाई तीन आठवड्यांपूर्वी या देशात आली. विमानतळावर सामान उघडलं तर बाटलीवरचं नाव कुणी वाचू नये, म्हणून तिने निघण्याच्या आदल्या रात्री गोळ्या पिशवीत ओतल्या आणि बाटली फेकून दिली. आता डॉक्टर एकेक गोळी दिव्याखाली धरून तिच्यावर कोरलेली बारीक अक्षरं वाचतायत. बाई रोजची गोळी गेले दहा दिवस एक दिवसाआड घेतेय. पुरवून पुरवून.

हा प्रसंग कुणा एकीचा नाही, मी तो उदाहरणादाखल रचलाय. पण स्थलांतरितांवर उपचार करणाऱ्या कुठल्याही एचआयव्ही दवाखान्यात असं काहीतरी घडू शकतं. मराठीत ‘खंड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जमिनीचा अफाट तुकडा आणि दुसरा चालू कामात पडलेली तूट. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्थलांतरितांची अडचण या एका शब्दात मावते. एक खंड ओलांडला की दुसरा पडतो.

आधी औषधाचं बघू, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

१९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि एचआयव्ही हा सांभाळून जगण्याचा आजार झाला. आज जगातल्या बहुतेक रुग्णांची तिन्ही औषधं एकाच गोळीत असतात. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. आद्याक्षरांवरून तिला ‘टीएलडी’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डोल्युटेग्राविरला पहिली पसंती दिली आणि ही गोळी देशोदेशी पोचली. ती रोज घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की नेहमीच्या तपासणीत तो मोजता येत नाही. यालाच व्हायरल लोड ‘अनडिटेक्टेबल’ होणं म्हणतात. अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे काही धीर देण्यासाठी म्हटलेलं वाक्य नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर-२’ या अभ्यासात सुमारे ८०० समलिंगी पुरुष जोडप्यांचा मागोवा घेतला होता. प्रत्येक जोडीतला एक जण पॉझिटिव्ह आणि औषधांवर, दुसरा निगेटिव्ह, निरोधाचा वापर नाही. औषधांवर असलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना आढळली नाही.

मग गोळी थांबली तर? विषाणू शरीरातून गेलेला नसतोच, काही पेशींमध्ये दडून बसलेला असतो. औषध बंद झाल्यावर बहुतेकांच्या रक्तात तो दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. एखाद्या देशात नवख्या माणसाला पहिली अपॉइंटमेंट मिळायलाच साधारण एवढा वेळ जातो, हे इथेच लक्षात ठेवा.

पुरवून घेणं त्याहून धोक्याचं. रक्तात औषध अर्धवट राहिलं की विषाणूला त्याच्याशी झुंजायची तालीम मिळते आणि पुढे तो त्या औषधाला दाद देईनासा होतो. जुन्या गोळ्यांमध्ये एफाव्हिरेंझ नावाचं औषध असायचं. ते शरीरात फार रेंगाळतं. गोळी बंद केली की सोबतची दोन औषधं लवकर निघून जायची आणि एफाव्हिरेंझ कित्येक दिवस एकटंच उरायचं. एकट्या औषधाला चकवणं विषाणूला सोपं. डोल्युटेग्राविर याबाबतीत बरंच चिवट आहे, त्याच्याविरुद्ध विषाणूला सहजी मार्ग सापडत नाही. म्हणून आजच्या खंडाचे परिणाम पूर्वीपेक्षा थोडे सौम्य, पण सौम्य म्हणजे शून्य नव्हे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं हेपटायटिस बी या यकृताच्या आजारावरही काम करतात. अनेकांना दोन्ही आजार असतात आणि दुसऱ्याचा पत्ताही नसतो. एचआयव्हीची गोळी अचानक थांबली की दबलेला हेपटायटिस उसळतो, यकृताला एकदम सूज येते, क्वचित ती जिवावरही बेतते. म्हणजे ‘महिनाभर गोळी नाही घेतली, काही झालं नाही’ असं म्हणणारा माणूस भलत्याच बाजूने गोत्यात येऊ शकतो.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ अखेर जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यातले ३ कोटी १६ लाख औषधांवर होते. त्याच वर्षी आपला देश सोडून दुसऱ्या देशात राहणाऱ्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांनी ३० कोटी ४० लाख धरली होती. हे दोन्ही आकडे एकमेकांवर कुठेतरी येणारच.

पण कुठे येतात, याबद्दल लोकांच्या मनात एक पक्कं चित्र असतं. माणूस आजार घेऊन आला, सीमेवर पकडला असता तर आत आला नसता. हे चित्र बरंचसं चुकीचं आहे. युरोपातल्या नऊ देशांत ‘अमासे’ नावाचा अभ्यास झाला. एचआयव्ही दवाखान्यांत उपचार घेणाऱ्या स्थलांतरितांची माहिती घेऊन त्यांना लागण साधारण कधी झाली असेल, याचा हिशेब केला गेला. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सुमारे ६३ टक्के लोकांना नव्या देशात आल्यानंतर लागण झाली होती. फ्रान्समधल्या ‘पार्कूर’ अभ्यासात आफ्रिकेतून आलेल्या लोकांचं तसंच दिसलं. अगदी हात आखडून केलेल्या हिशेबातही तिघांतल्या एकाहून अधिक जणांना लागण फ्रान्समध्ये झाली होती. आणि ती कुठल्या काळात? राहायला धड जागा नव्हती, राहण्याचा परवाना हातात नव्हता, त्या वर्षांत धोका जास्त होता. कुणाच्या घरी झोपायला मिळतंय यावर रात्र अवलंबून असेल, तर निरोधाचा आग्रह धरायची ताकद किती उरते, हे सांगायला नको. युरोपीय संघाच्या परिसरात दरवर्षी नव्याने निदान होणाऱ्यांत आता जवळपास निम्मे लोक स्थलांतरित असतात. तो आकडा वाचताना ही बाजू ध्यानात ठेवायला हवी.

तरीही देशांचा पहिला हात सीमेवरच्या फाटकाकडे जातो.

अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्हीचा समावेश प्रवेश नाकारण्याच्या आजारांत केला. एप्रिल १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ हा डच गृहस्थ एड्सवरच्याच एका परिषदेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता. मिनेसोटातल्या विमानतळावर त्याची बॅग उघडली आणि त्यात एझेडटीच्या गोळ्या सापडल्या. तेव्हा एचआयव्हीवर तेवढंच औषध होतं. त्याला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. सुरुवातीच्या प्रसंगातल्या बाईने बाटली का फेकली, याचं उत्तर असल्या गोष्टींत आहे. नियम बदलले तरी त्यांची भीती तोंडातोंडी पुढे जात राहते.

१९९१ मध्ये हैतीत लष्करी उठाव झाला. बोटींतून पळालेल्या लोकांना अमेरिकेने समुद्रातच अडवून क्यूबातल्या ग्वांटानामो तळावर नेलं. ज्यांचा आश्रयाचा दावा वरकरणी खरा वाटला, त्यांना अमेरिकेत जाऊ दिलं. पण त्यातल्या ज्यांची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली, ते दोनशेहून अधिक लोक काटेरी तारांच्या छावणीतच अडकले, आणि गंभीर रुग्णांना लागणारे उपचार तिथे नव्हते. शेवटी जून १९९३ मध्ये न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी त्यांना सोडण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रवेशबंदीला कायद्याचं बळ दिलं, हा त्या काळचा विरोधाभास. बंदीच्या निषेधामुळे १९९२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बोस्टनऐवजी ॲम्स्टरडॅमला भरली. बंदी पूर्ण उठली ती जानेवारी २०१० मध्ये, आणि मग २०१२ ची परिषद वॉशिंग्टनला झाली.

चीन आणि दक्षिण कोरियानेही २०१० मध्ये आपापले निर्बंध सैल केले. तरी २०१९ मध्ये यूएनएड्सने मोजदाद केली, तेव्हा ४८ देश आणि प्रदेशांत एचआयव्हीच्या कारणावरून प्रवेशावर, राहण्यावर किंवा कामावर काही ना काही बंधन होतंच. आखाती देशांत कामाच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी सक्तीची असते आणि तिच्यात एचआयव्हीची चाचणी असते. निघण्याआधी पॉझिटिव्ह आलात तर व्हिसा नाही. तिथे गेल्यावर, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी आलात, तर परत पाठवणी. कित्येकांच्या हाती पडते ती एका शब्दाची चिठ्ठी, ‘अनफिट’. कशामुळे, पुढे काय करायचं, कुठे जायचं, हे सांगणारा माणूस त्या चिठ्ठीसोबत येत नाही. चाचणीआधी संमती घ्यावी, निकाल गुप्त ठेवावा, समुपदेशन करावं आणि पॉझिटिव्ह व्यक्तीला उपचाराशी जोडून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय. सीमेवरच्या चाचणीत यातलं सहसा काहीच होत नाही. त्या चाचणीचा हेतूच माणसाला बाहेर ठेवणं हा असतो.

काही देश बंदी घालत नाहीत, पण खर्चाचा हिशेब मांडतात. ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा अर्ज केला की तुमच्या आजारावर सरकारचा किती खर्च होईल हे बघितलं जातं आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर अर्ज अडतो. न्यूझीलंडने अशा खर्चिक आजारांच्या यादीतून ऑक्टोबर २०२१ मध्ये एचआयव्ही काढून टाकला.

समजा, सीमा ओलांडली. आता खरी गोष्ट सुरू होते, कारण दवाखान्याचं दार उघडं असणं आणि ते आपल्यासाठी उघडं आहे हे कळणं यात फार अंतर असतं.

बहुतेक श्रीमंत देशांत कागदपत्रं नसलेल्या माणसालाही ‘तातडीचे’ उपचार मिळतात. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांसाठीचा १९९० चा आंतरराष्ट्रीय करारही कागदपत्रं असोत वा नसोत, जीव वाचवण्यासाठी किंवा भरून न येणारी हानी टाळण्यासाठी तातडीने लागणाऱ्या उपचारांची हमी देतो. ऐकायला ठीक वाटतं. पण एचआयव्हीत ‘तातडी’ म्हणजे काय? प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडी४ पेशी वर्षानुवर्षं हळूहळू घटत जातात आणि बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. तातडी दिसते ती क्षयरोगाने किंवा मेंदूच्या संसर्गाने तो खाटेला खिळतो तेव्हा. रोजची गोळी नाकारायची आणि अतिदक्षता विभागात मात्र भरती करून घ्यायचं, हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं झालं. आणि पैशांच्या दृष्टीने बघितलं तर दात कोरून पोट भरण्यासारखं.

इंग्लंडला हे उमजायला वेळ लागला. तिथे लैंगिक आजारांचे उपचार सर्वांना मोफत होते, पण एचआयव्हीची चाचणी मोफत आणि औषधं मात्र काही परदेशी लोकांना विकत, असा विचित्र नियम होता. म्हणजे आजार कळणार फुकटात आणि बिल येणार उपचाराचं. १ ऑक्टोबर २०१२ पासून हा भेद गेला आणि परवाना असो वा नसो, एचआयव्हीचे उपचार सर्वांना मोफत झाले. ‘अशाने जगभरातून लोक औषधासाठी येतील’ हा आक्षेप तेव्हाही होता. मला तो कधीच पटला नाही. केवळ औषधासाठी यायचं असतं तर लोक आल्याबरोबर दवाखान्यात गेले असते. प्रत्यक्षात स्थलांतरितांचं निदान उशिरा होतं, सीडी४ पेशी (रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे मोजलेल्या) ३५० च्या खाली गेल्यावर, हीच युरोपभरातली तक्रार आहे.

त्याच वर्षी स्पेन नेमका उलट्या दिशेला गेला. आर्थिक संकटात खर्च कापायचा म्हणून २०१२ च्या हुकुमाने परवाना नसलेल्यांची आरोग्यकार्डं रद्द झाली. काही प्रांतांनी हा हुकूम मानलाच नाही आणि उपचार चालू ठेवले. म्हणजे एकाच देशात, कुठल्या प्रांतात राहता यावर गोळी मिळणं ठरू लागलं. २०१८ मध्ये नव्या सरकारने हक्क परत दिला. फ्रान्समध्ये २००० सालापासून कागदपत्रं नसलेल्यांसाठी सरकारी वैद्यकीय मदत आहे, मात्र देशात तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो. तीन महिने आणि मघाचे ते दोन ते चार आठवडे, हा हिशेब जमत नाही. त्यासाठी तिथल्या सरकारी रुग्णालयांत, कार्ड नसलेल्यांना बघणारे वेगळे कक्ष आहेत.

जर्मनीची अडचण आणखी वेगळी. परवाना नसलेल्या माणसाने नेहमीच्या उपचारांचा खर्च सरकारकडे मागितला, तर समाजकल्याण कार्यालयात जावं लागतं आणि त्या कार्यालयावर परदेशी नागरिकांच्या विभागाला कळवण्याचं कायदेशीर बंधन आहे. हक्क कागदावर आहे, पण तो मागणं म्हणजे स्वतःचा पत्ता त्या विभागाला देणं. काही शहरांनी यावर तोडगा म्हणून नाव न लावता मिळणारी आरोग्य चिठ्ठी सुरू केली. ब्रिटनमध्येही जानेवारी २०१७ पासून आरोग्यसेवेकडचे रुग्णांचे पत्ते गृहखात्याला देण्याचा करार लागू झाला होता. डॉक्टर आणि संघटनांनी आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये तो गुंडाळावा लागला. पण एकदा अशी बातमी वस्तीत पसरली की ती मागे घेता येत नाही. करार मागे घेतल्याची बातमी तितकी पसरत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर कायदा उदार आहे. आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क तिथली राज्यघटना ‘प्रत्येकाला’ देते, फक्त नागरिकाला नाही. २०२५ मध्ये ‘ऑपरेशन डुडुला’ नावाच्या गटाचे लोक सरकारी दवाखान्यांच्या फाटकांवर उभे राहून ओळखपत्रं मागू लागले आणि परदेशी दिसणाऱ्यांना परत पाठवू लागले. नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली. मधल्या काळात किती जणांच्या गोळ्या चुकल्या असतील, ते कुठल्या रजिस्टरमध्ये येणार?

हक्क आहे, कागद आहे, दार उघडं आहे, असं धरून चालू. आता भाषा.

समजा, दुसऱ्या एका बाईसाठी दवाखान्याने दुभाषी बोलावला. तो खोलीत शिरला आणि बाईने मान खाली घातली. तो तिच्याच गावाकडचा, दर आठवड्याला प्रार्थनेला भेटणारा. नव्या शहरात एका भाषेचे लोक मूठभर, त्यामुळे दुभाषी ओळखीचा निघणं अगदीच शक्य. ती म्हणाली, मला बरं वाटतंय, औषध नको. नोंद झाली ‘रुग्णाने उपचार नाकारले’. याला सोपा उपाय आहे, फोनवरचा दुभाषी. दुसऱ्या शहरात बसलेला, ज्याला नाव सांगायची गरज नाही. पोराबाळांना किंवा नवऱ्याला दुभाषी करणं तर कधीच नको. आईच्या आजाराचं नाव दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेणं हा त्या मुलावरही अन्याय आहे.

शब्दही घात करतात. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ म्हणजे रिपोर्ट चांगला, असं समजणं अगदी स्वाभाविक आहे. ‘अनडिटेक्टेबल’चं त्याहून वाईट. घाईतल्या दुभाष्याने त्याचं ‘विषाणू सापडला नाही’ असं भाषांतर केलं, की माणूस बरा झालो समजून गोळ्या बंद करणार. ‘गोळ्यांनी दाबून ठेवलाय, गोळ्या थांबल्या की वर येईल’ हे वाक्य लांब आहे, पण तेच सांगायला हवं.

आणि स्तनपान. याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे दोन देशांचे सल्ले समोरासमोर येतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की औषधं घेणाऱ्या आईने बाळाला निदान वर्षभर अंगावर पाजावं. जिथे पाणी स्वच्छ नाही, तिथे बाहेरच्या दुधाने बाळ दगावण्याचा धोका जास्त. ब्रिटनमध्ये मात्र डब्याच्या दुधाची शिफारस होते, कारण औषधं नियमित असली तरी अंगावरच्या दुधातून लागण होण्याचा धोका अगदी थोडा का होईना, उरतो. पहिलं बाळ मायदेशी डॉक्टरांच्या सांगण्यावरून अंगावर पाजलेल्या आईला दुसऱ्या बाळाच्या वेळी ‘पाजू नका’ ऐकावं लागतं. तिला वाटतं, पहिल्या वेळी माझ्याशी खोटं बोलले का? त्यात भर म्हणजे बाळाला अंगावर का पाजत नाहीस, हा नातेवाईक बायकांचा प्रश्न. काही ठिकाणी तेवढ्यावरूनच आजाराचा संशय येतो. अलीकडे ब्रिटन आणि अमेरिकेतले डॉक्टर अशा आईला दटावण्याऐवजी, व्हायरल लोड दबलेला असेल तर तपासण्या वाढवून तिच्या निर्णयाला साथ देतात. अमेरिकेने २०२३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना तशा बदलल्या. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. हुकूम दिला असता तर आईने लपून पाजलं असतं आणि डॉक्टरांना कळलंही नसतं.

एवढं सगळं जमलं, तब्येत सावरली, आणि मग परत पाठवण्याची नोटीस आली तर? युरोपीय मानवाधिकार न्यायालयात यावरून जे झालं, ते वाचताना डोकं गरगरतं. १९९७ च्या एका खटल्यात ब्रिटनला सेंट किट्स बेटावरच्या, एड्सने मृत्युपंथाला लागलेल्या माणसाला परत पाठवायचं होतं. न्यायालयाने अडवलं, कारण तिथे त्याला ना उपचार ना आसरा. २००८ मध्ये युगांडातून आलेल्या एका बाईचा खटला उभा राहिला. कागदोपत्री तिचं नाव फक्त ‘एन’. ती १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आली तेव्हा गंभीर आजारी होती, सीडी४ पेशी १० पर्यंत घसरल्या होत्या. उपचारांनी त्या ४१४ वर गेल्या. न्यायालय म्हणालं, ती आता मरणाच्या दारात नाही, म्हणून तिला परत पाठवण्यात अमानुष असं काही नाही. म्हणजे औषधाने तिला सावरलं, तेच तिच्या विरोधात गेलं. ही भूमिका बदलायला २०१६ उजाडलं. ‘पापोशव्हिली विरुद्ध बेल्जियम’ या निकालात न्यायालयाने सांगितलं की माणूस लगेच मरेल का एवढंच बघून चालणार नाही. परत गेल्यावर तब्येत झपाट्याने आणि कायमची ढासळेल का, आणि औषध त्या माणसाला परवडेल, गाठता येईल का, हेही बघावं लागेल. २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झिंबाब्वेच्या एका एचआयव्ही रुग्णाच्या खटल्यात तीच कसोटी मान्य केली.

‘त्या देशात औषध मिळतं’ हे वाक्य सरकारी कागदांत नेहमी असतं. ते किती दिवस खरं राहील, हे कुणी लिहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली. ज्या देशांतली एचआयव्ही केंद्रं तिच्यावर चालत होती, तिथे काहींना रातोरात टाळं लागलं. काही आठवड्यांपूर्वी लिहिलेला ‘औषध उपलब्ध’ हा शेरा तेवढ्यात शिळा झाला.

असं असूनही हा खंड टाळता येतो, हे दिसलंय. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे अंदाजे अडीच लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. लाखो माणसं आठवड्याभरात सीमेपार गेली, त्यात औषधांवरचेही होते. युक्रेनमध्ये बहुतेक रुग्ण टीएलडीवर आणि शेजारच्या देशांत वेगवेगळी मिश्रणं. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय आजार नियंत्रण केंद्राने मिळून सूचना काढल्या. कागद मागत बसू नका, माणूस सांगतो त्यावर विश्वास ठेवा, आधी औषध चालू ठेवा, तपासण्या मागाहून, असा त्यांचा रोख. पोलंडने महिन्याभरात कायदा करून या निर्वासितांना सरकारी आरोग्यसेवा खुली केली. इच्छा असली की हे किती भरभर होतं, आणि इतर वेळी का होत नाही, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. थायलंडने त्याआधीच, फारसा गाजावाजा न करता, म्यानमार-कंबोडियातून आलेल्या मजुरांसाठी विमा योजना चालवली होती. २०१३ पासून तिच्यात एचआयव्हीची औषधंही आली.

आता ज्याला निघायचंय त्याच्यासाठी. शक्य असेल तर तीन ते सहा महिन्यांचा साठा मागून घ्यावा. स्थिर असलेल्या रुग्णांना एकदम इतकं औषध देता येतं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, आतली ओल शोषणारी पुडी न काढता, आणि बाटली हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नको. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. तिच्यात औषधांची मूळ नावं हवीत, कंपनीची नावं देशागणिक बदलतात. शेवटचा व्हायरल लोड आणि सीडी४, पूर्वी कुठली औषधं घेतली आणि का बदलली, हेपटायटिस बी आहे की नाही, क्षयरोग झाला होता का, एवढं लिहिलेलं असलं की नवा डॉक्टर दहा मिनिटांत कामाला लागतो. क्षयाचं महत्त्व असं की त्यावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये आणि एक प्रत विश्वासातल्या कुणाकडे असावी. घड्याळाचा फरक मोठा असेल, तर गोळीची वेळ रोज एक-दोन तास सरकवत नव्या वेळेवर आणता येते. आणि साठा संपत आला तर पुरवून घेऊ नये. रोजची रोज घ्यावी आणि संपण्याआधी दवाखाना गाठावा.

त्या बाईच्या गोळीवरची अक्षरं अखेर जुळली, टीएलडीच निघाली. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? ती म्हणाली, परवा. रक्त घेतलं, महिन्याची बाटली दिली, आजच घ्या म्हणाले. मग नोंदणीचा फॉर्म पुढे आला. नाव तिने लिहिलं. पत्त्याच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं, कारण ती ज्या खोलीत राहत होती तिथल्या लोकांना तिचं टपाल उघडायची सवय होती. इंग्लंडमध्ये राहायला घर नसलेल्यांना डॉक्टरांच्या दवाखान्याचाच पत्ता देऊन नाव नोंदवता येतं, आणि पत्र नको, फोनच करा, असंही सांगता येतं. फॉर्मवर ही सोय छापलेली असेलच असं नाही. काउंटरवर विचारून घ्यावी.